नवा रिसीव्हर: बदलू काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी कोल्हापूर आणि आसपासहून आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: घरातला होम थिएटर रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचं चित्र-आवाज घेऊन स्पीकर वाजवणारा डबा) व्यवस्थित चालू आहे, दुकानात नवं मॉडेल आलं आहे, पैसे घालावेत की नाही. उत्तर प्रत्येक घराला वेगळं येतं. रिसीव्हरला काय काय जोडलं आहे आणि तो कसल्या खोलीत वाजतो, यावर ते ठरतं. म्हणून प्रश्नांमधला तो तपशील आम्ही मुद्दाम तसाच ठेवला आहे.

२०१६ मध्ये घेतलेला ७.२ (सात स्पीकर आणि दोन सबवूफर, म्हणजे बासचे स्पीकर) रिसीव्हर आहे, ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) वाजवतो, आवाजाबद्दल तक्रार नाही. दिवाळीत १२० हर्ट्झचा ४के टीव्ही घेतला. दुकानदार म्हणतात, ८के रिसीव्हर घेतल्याशिवाय या टीव्हीचा उपयोग नाही. सेट-टॉप बॉक्स, टीव्हीतली ॲप्स आणि मुलाचा प्लेस्टेशन ५, एवढंच जोडायचं आहे. बदलू काय?
— वाचक, राजारामपुरी

या कारणासाठी बदलू नका. तुमच्या रिसीव्हरमध्ये एचडीएमआय २.० आहे, त्यातून सेकंदाला १८ गिगाबिट जातात. एचडीएमआय २.१ नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालं, रिसीव्हरांत ते २०२० च्या सुमारास आलं आणि त्याची कमाल क्षमता ४८ गिगाबिट आहे. ही जादा क्षमता लागते ती ४के चित्र सेकंदाला १२० वेळा पाठवायला किंवा ८के ला. सेट-टॉप बॉक्स आणि ओटीटी ४के ६० च्या पुढे जात नाहीत, त्यांना १८ पुरतात. ८के मध्ये तुमच्या घरी काहीच येत नाही, त्यामुळे खोक्यावरच्या त्या आकड्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

उरला प्लेस्टेशन. तो रिसीव्हरमधून नेऊच नका, टीव्हीच्या १२० हर्ट्झ लिहिलेल्या पोर्टमध्ये थेट लावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टसाठी जादा क्षमतेचा सिग्नल चालू करावा लागतो. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आता आवाज. टीव्हीचा एआरसी (टीव्हीतला आवाज रिसीव्हरकडे परत नेणारा मार्ग) लिहिलेला पोर्ट आणि रिसीव्हरचा एआरसी लिहिलेला एचडीएमआय आउट एका केबलने जोडा. रिसीव्हरमध्ये एचडीएमआय कंट्रोल आणि एआरसी दोन्ही चालू करा. टीव्हीत आवाजाचा मार्ग एचडीएमआय एआरसी निवडा आणि डिजिटल आवाजाचा प्रकार ऑटो किंवा पास-थ्रू ठेवा. पीसीएम (डॉल्बी-डीटीएसमध्ये न बांधलेला साधा डिजिटल आवाज) ठेवलात तर फक्त दोन चॅनल येतील आणि मागचे स्पीकर गप्प बसतील.

ओटीटीवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधून येतो. साध्या एआरसीमधून तो जातो, त्यासाठी ईएआरसी (एआरसीची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) लागत नाही. प्लेस्टेशन मात्र मुळात अनेक चॅनलचा पीसीएम पाठवतो आणि एआरसीमधून पीसीएमचे दोनच चॅनल जातात. म्हणून त्याच्या साउंड सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार डॉल्बी किंवा डीटीएस करा, म्हणजे सराउंड आवाज मिळेल. आवाज ओठांच्या मागे पडला तर रिसीव्हरचा ऑडिओ डिले शून्यावर आणून पाहा.

ईएआरसीचा खरा उपयोग तेव्हा होतो, जेव्हा सगळी यंत्रं टीव्हीलाच जोडलेली असतात आणि ब्लू-रे डिस्कवरचा मूळ, न घटवलेला आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे न्यायचा असतो. तुम्ही पुढे डिस्क प्लेअर घेतलात तरी तो जुन्या रिसीव्हरला थेट लागेल. डिस्कवरचे चित्रपट बहुतेक सेकंदाला २४ चित्रांचे असतात, १८ गिगाबिटमध्ये ते आरामात मावतात.

माझा रिसीव्हर २०१२ चा. नव्या ४के स्टिकमधून चित्र येतच नाही, आलं तर १०८० मध्ये येतं. हा दुरुस्त होईल का? बदलायचा तर यंदाचंच मॉडेल घेऊ, की मागचं स्वस्तात मिळतंय ते?
— वाचक, नागाळा पार्क

तुमचा मात्र बदला. हा बिघाड नाही, त्यामुळे दुरुस्तीही नाही. ४के साहित्याला एचडीसीपी २.२ हे कुलूप असतं आणि त्याची किल्ली २०१२ च्या यंत्रात नाही, सॉफ्टवेअर अपडेटनेही येत नाही. शिवाय घरगुती ॲटमॉस २०१४ मध्ये आला आणि डीटीएस:एक्स ही तशीच दुसरी पद्धत २०१५ मध्ये, दोन्ही तुमच्याकडे नाहीत. एवढ्या जुन्या यंत्रावरून आजच्या कुठल्याही रिसीव्हरवर आलात तरी फरक ठळक दिसेल. स्पीकर मात्र ठेवा, ते जुने होत नाहीत. फक्त वूफरभोवतीचं फोमचं कडं बोटाने हलकेच दाबून पाहा, भुगा पडत असेल तर तेवढं बदलून घ्या.

यंदाचं की मागचं, याला एकच नियम नाही. डेनॉनची दोन उदाहरणं घ्या. एव्हीआर-एक्स१७००एच २०२१ चा, एक्स१८००एच २०२३ चा. दोन्हींत ७ चॅनल, प्रत्येकी ८० वॅट, ६ एचडीएमआय इनपुट आणि त्यांतले ३ नव्या क्षमतेचे. इथे मागचं मॉडेल सीलबंद, वॉरंटीसह आणि स्वस्तात मिळालं तर बेलाशक घ्या. वरच्या किमतीत एक्स३७००एच वरून एक्स३८००एच वर जाताना मात्र पुष्कळ बदललं: सबवूफरचे स्वतंत्र आउटपुट २ चे ४ झाले आणि खोलीचा आवाज सुधारणारी डिराक ही प्रणाली पैसे भरून बसवता येऊ लागली. तेव्हा दुकानात दोन्ही मॉडेलांच्या पाठीवरच्या, जोडण्यांच्या पट्टीचे फोटो शेजारी शेजारी धरा. एचडीएमआय पोर्ट, त्यांवरचे ८के किंवा ४०जी असे शिक्के, सबचे आउट, प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणारे पोर्ट) आणि स्पीकरच्या जोड्या मोजा. पाठीवरची पट्टी सारखी आणि आतली खोली-सुधारणा प्रणालीही तीच असेल, तर मॉडेलचा नंबर तेवढा बदलला आहे असं समजा.

माझ्या रिसीव्हरवर ८० वॅट लिहिलंय. दुसऱ्या कंपनीच्या नव्या, त्याच किमतीच्या मॉडेलवर १५० वॅट. आवाज जवळपास दुप्पट होईल काय?
— वाचक, उचगाव

होणार नाही, आणि कदाचित काडीचाही फरक पडणार नाही. तुमचे ८० वॅट बहुधा असे मोजलेले असतील: ८ ओहमचा स्पीकर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ सगळे स्वर, दोन चॅनल एकदम, विकृती ०.०८ टक्के. दुसऱ्याचे १५० बहुतेक ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झच्या एका सुरावर, एकच चॅनल चालवून आणि १० टक्के विकृतीपर्यंत ताणून. एकाच यंत्रावर हे दोन्ही आकडे खरे लिहिता येतात. म्हणून जाहिरात बाजूला ठेवा आणि माहितीपत्रकातली "२ चॅनल, ८ ओहम, २० ते २० किलोहर्ट्झ" ही ओळ शोधा. ती ओळ कुठेच नसेल तर तेही एक उत्तरच आहे. वजनही बघा. रिसीव्हरमधलं सगळ्यात जड सामान म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक, ताकद तिथूनच येते.

समजा, १५० वॅट खरेच आहेत. तरी वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ८० वरून १५० म्हणजे पावणेतीन डेसिबल.

आता तुमच्या घरचा हिशेब करू. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल धरली (१ वॅट, १ मीटर) आणि तुम्ही ३ मीटरवर बसता असं मानलं, तर अंतरामुळे साडेनऊ डेसिबल जातात आणि बंद खोली अंदाजे ३ परत देते. म्हणजे १ वॅटला तुमच्या कानाशी साधारण ८० डेसिबल. चित्रपटगृहाच्या मोजमापाप्रमाणे एका चॅनलचा शिखर आवाज १०५ डेसिबल असतो, त्यासाठी २८० ते ३०० वॅट लागतील. पण घरात एवढा आवाज कुणी ठेवत नाही. व्हॉल्यूम उणे १० वर (० म्हणजे चित्रपटगृहाची पातळी) असेल तर शिखराला सुमारे ३० वॅट पुरतात, उणे १५ वर ९ ते १०. सब असेल आणि स्पीकर "स्मॉल" ठेवून क्रॉसओव्हर (ज्याखालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झला असेल, तर सगळ्यात जड काम सबचा स्वतःचा ॲम्प्लिफायर उचलतो.

आवाज खरंच कमी पडत असेल तर ९० डेसिबलचे स्पीकर घ्या. ८७ वरून ९० म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखंच आहे. अपवाद एकच: ४ ओहमचे स्पीकर. ते ८-९ किलोच्या रिसीव्हरला तापवतात, मोठ्या आवाजात संरक्षण सर्किट तो बंद पाडतं. तिथे प्री-आउट असलेला रिसीव्हर आणि बाहेरचा पॉवर ॲम्प हा मार्ग.

ताराबाई पार्कात १२ बाय १५ फुटांचा, १० फूट उंचीचा हॉल आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल. सबचा एकच सूर घुमतो आणि संवाद कळत नाहीत. रिसीव्हर दोनच वर्षांचा आहे, त्यात ऑडिसी (माइकने खोली मोजून आवाज सुधारणारी प्रणाली) आहे. तो विकून डिराकवाला घेऊ?
— वाचक, ताराबाई पार्क

रिसीव्हरांमध्ये गेल्या काही वर्षांत खरी प्रगती झाली ती याच भागात, खोलीचा दोष मोजून दुरुस्त करण्यात. त्यामुळे तुमचा प्रश्न योग्य जागी बोट ठेवतो. तरीही विकू नका. तुमच्या हातात आहे त्याचंच काम अजून पुरतं झालेलं नाही.

घुमण्याचं कारण मोजता येतं. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरून त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. १५ फुटांना येतात ३८ हर्ट्झ, १२ फुटांना ४७, १० फूट उंचीला ५६. या तीन सुरांना भिंती फुगवतात. सब कोपऱ्यात असेल तर तिन्ही एकदम फुगतात. आणि सोफा बरोबर मधोमध असेल तर त्यातला काही बास तिथे नाहीसाच होतो. फुगलेला सूर कुठलीही प्रणाली खाली आणू शकते. नाहीसा झालेला सूर मात्र परत आणता येत नाही, ताकद कितीही ओतली तरी तिथे तो रद्दच होत राहतो. म्हणून आधी जागा.

सब उचलून तुमच्या बसायच्या जागी, सोफ्यावरच ठेवा. ३० ते ८० हर्ट्झचे सूर किंवा ओळखीची बासची चाल सतत वाजत ठेवा. मग गुडघ्यावर बसून, कान सबच्या उंचीला आणून, भिंतीकडेने सरकत ऐका. जिथे सगळे सूर सारख्या जोराने ऐकू येतात, कुठलाही उसळत नाही आणि कुठलाही गायब होत नाही, तिथे सब ठेवायचा. सोफा मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट तरी पुढे ओढा, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर येऊ देऊ नका.

मग मोजणी. ती बिघडते ती बहुतेक घाईमुळे. सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा खटका कमालीला किंवा एलएफई (सबची स्वतःची गाळणी बंद) वर न्या, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक लागतात. सबचा व्हॉल्यूम मध्यावर ठेवा. रिसीव्हर पातळी विचारत असेल तर ७५ डेसिबलच्या आसपास जुळवा. पंखा, फ्रीज, एसी बंद करा आणि रस्त्यावर वर्दळ नसेल अशी वेळ निवडा. माइक हातात धरू नका आणि सोफ्याच्या पाठीला टेकवू नका. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, टोक छताकडे करून उभा करा. पहिली जागा म्हणजे मुख्य बैठक, तिथूनच स्पीकरची अंतरं ठरतात. बाकीच्या जागा तिच्याभोवती दीड-दोन फुटांच्या आत घ्या, खोलीभर फिरू नका.

मोजणी झाली की निकाल तपासा. पुढचे स्पीकर "लार्ज" झाले असतील तर "स्मॉल" करा. क्रॉसओव्हर ४० आला असेल तर ८० करा. तो वर नेलेला चालतो, मोजणीत आला त्याच्या खाली मात्र नेऊ नका. सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसलं तर ते तसंच राहू द्या, त्यात सबच्या सर्किटला लागणारा उशीर धरलेला असतो. सबची पातळी उणे ११-१२ येत असेल तर सबचा व्हॉल्यूम खाली आणून पुन्हा मोजा.

आता संवाद. सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला असेल तर त्याचं तोंड कप्प्याच्या कडेशी आणा, किंचित बाहेर आलं तरी चालेल, आणि पुढून रबरी बूच लावून कानाकडे वर करा. सेंटरची पातळी दीड-दोन डेसिबल वाढवा. ऑडिसीचं पैसे देऊन घ्यायचं ॲप आहे, त्यात मिडरेंज कॉम्पेन्सेशन नावाची खूण बंद करा. ती २ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज मुद्दाम खाली खेचते, आणि शब्द ओळखायला लागणारी व्यंजनं नेमकी तिथेच असतात. त्याच ॲपमध्ये दुरुस्तीची मर्यादा ५०० हर्ट्झपर्यंत आणून ऐका. चांगले स्पीकर असतील तर वरचा आवाज पुष्कळांना मोकळा वाटतो.

टाइल आणि उघड्या सिमेंटच्या भिंतींवरून आवाज आपटत असेल तर सोफ्यासमोर जाड सतरंजी किंवा गालिचा हवाच. घोंगडी भिंतीवर लावलीत तर वरच्या स्वरांची भांडी वाजणं थांबतं, बासला मात्र त्याने काही होत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, जिथे आरसा धरला तर बसल्या जागेवरून स्पीकर दिसतो तिथे, २ इंच जाडीची ४८ घनतेची रॉकवूल चौकटीत घालून, कापडाने पूर्ण मढवून, भिंतीपासून २ इंच सोडून लावा. उघडी रॉकवूल घरात ठेवू नका, तिचे तंतू खाज आणतात.

एवढं केल्यावरही एका बैठकीला बास बरा आणि शेजारच्या बैठकीला वाईट असेल, तर दुसरा सब घ्या. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब जे साधतात, ते एका सबवर कुठलंही सॉफ्टवेअर साधत नाही. दोन-चार सबची सांगड घालायची वेळ आली की डिराकची बास कंट्रोल प्रणाली आणि स्वतंत्र आउटपुटचा रिसीव्हर यांना खरा अर्थ येतो. तेव्हा घेताना डिराकचा परवाना किमतीत धरला आहे का आणि तो ५०० हर्ट्झपर्यंतचाच आहे की पूर्ण, हे विचारून घ्या. दोन्ही मिळतात, दरही वेगळे असतात.

शिवाजी पेठेत जुन्या वाड्याच्या माडीवर ५.१ आहे. वर कडीपाट, लाकडी तक्तपोशी. ॲटमॉससाठी स्पीकरवर ठेवायचे, छताकडे आवाज फेकणारे स्पीकर घेऊ का? आणि खालच्या बिऱ्हाडाला त्रास होतो, त्याचं काय करू?
— वाचक, शिवाजी पेठ

ते स्पीकर नकोत. छतावर आपटून आवाज खाली यायचा तर छत सपाट आणि टणक लागतं, साडेसात ते बारा फूट उंचीचं. तुमच्याकडे कड्यांमुळे आवाज चारी दिशांना फुटेल. पण छतात तुळया आहेत, हा तुमचा फायदा. २-३ किलोचे दोन छोटे स्पीकर तुळईला थेट लावा, बैठकीच्या किंचित पुढे. कानाच्या पातळीवरून समोरून मोजलं तर ६५ ते १०० अंशांच्या मध्ये कुठेही चालतील. आधी पेचकस टोचून लाकूड वाळवीने पोखरलेलं नाही ना, हे बघा. लाकडाचा लांब स्क्रू, आणि जोडीला सुरक्षेची तार.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची टू-कोर. १० मीटरला जाऊन-येऊन विरोध पाव ओहमच्या आसपास येतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो चालतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. एक तार सुरीने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. तुमचा रिसीव्हर पाच चॅनलचाच असल्याने इथे नवा लागेलच. सात चॅनलचा घ्या, त्यात ५.१.२ (तुमचे ५.१ आणि वरचे दोन) बसतं. नऊ चॅनलवर खर्च करण्याइतकी ही खोली मोठी वाटत नाही.

बासचा त्रास हवेतून कमी आणि तक्तपोशीतून जास्त जातो. सबखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा आणि त्याच्याखाली जाड, मऊ रबर. रात्री रिसीव्हरचा डायनॅमिक रेंज कमी करणारा पर्याय चालू करा, सब ५ डेसिबल खाली घ्या. खालच्या माणसांना विचारून पातळी ठरवलीत तर अधिक बरं.

मेव्हणे अमेरिकेतून येताना रिसीव्हर आणतो म्हणतात. तिथे बराच स्वस्त आहे. आणू द्यावा का?
— वाचक, कसबा बावडा

नको. तिथलं मॉडेल १२० व्होल्टचं असतं. इथल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावलंत तर पॉवर सप्लाय त्याच क्षणी जातो. मोबाइलच्या चार्जरसारखं दोन्ही व्होल्टेजवर चालणारं हे यंत्र नाही. वापरायचंच तर १ केव्हीएचा, तांब्याच्या वेटोळ्यांचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा मध्ये ठेवावा लागतो. तो जड असतो, गुणगुणतो आणि कधीतरी घरातलं कुणीतरी साफसफाई करून प्लग भलत्या ठिकाणी लावतं. भारतात वॉरंटीही मिळत नाही. मेव्हण्यांना मोजणीचा यूएसबी माइक आणायला सांगा. तो हलका असतो, व्होल्टेजचा प्रश्न नाही, आणि रूम इक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून खोली स्वतः मोजता येईल.

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि रिसीव्हरचं चित्र गेलं. रेडिओ, ब्लूटूथ चालतं. दुरुस्तीला नव्याच्या निम्मा खर्च सांगतायत. नवा घेऊ? आणि पुढच्या वेळी काय करू, स्टॅबिलायझर बसवू?
— वाचक, पन्हाळा

लक्षणांवरून एचडीएमआय बोर्ड गेलेला दिसतो, ॲम्प्लिफायर शाबूत आहे. निम्मी किंमत घालण्याआधी हे करून पाहा: सगळी यंत्रं टीव्हीला जोडा आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून आवाज रिसीव्हरला द्या. डॉल्बी डिजिटल ५.१ येईल, ॲटमॉस येणार नाही. तेवढ्यावर भागत असेल तर यंत्र अजून चालवा. ॲटमॉसचे स्पीकर लावलेले असतील तर नवा घ्या.

अशी वीज पुष्कळदा प्लगमधून न येता डिशच्या तारेतून येते: डिश, सेट-टॉप, एचडीएमआय, रिसीव्हर. म्हणून स्टॅबिलायझर याला आडवा येत नाही. एप्रिल-मेमध्ये आभाळ भरून आलं की प्लग, डिशची तार आणि इंटरनेटची लॅन तार, तिन्ही काढा. खटका बंद करून भागत नाही. सर्ज प्रोटेक्टर लावा, पण आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, कारण जादा दाब जमिनीत उतरवायला वाटच नसेल तर तो पट्टा अर्धवट काम करतो. प्रोटेक्टरचा दिवा विझला की तो बदला, आतला घटक प्रत्येक धक्क्याने झिजतो. स्टॅबिलायझरसाठी संध्याकाळी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहा. २१० ते २४० मध्ये असेल तर लागत नाही. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर रिसीव्हर त्यावर घेऊ नका, ट्रान्सफॉर्मर घरघरतो आणि तापतो. साइन वेव्हवर चालतो.

पन्हाळ्याच्या धुक्या-पावसात जून ते सप्टेंबर रिसीव्हर बंद पडून राहू देऊ नका. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालवा, आतल्या उबेने ओल निघून जाते. वर कापड घालायचं तर बंद करून थंड झाल्यावर. चालू असताना वर किमान ४ इंच मोकळे हवेत. बंद कप्प्यात कोंडल्यामुळे रिसीव्हर आपोआप बंद पडल्याच्या तक्रारी नेहमी येतात. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे स्पीकरच्या वायरची एखादी सुटी तार पत्र्याला टेकणं. केळ्याच्या आकाराची बनाना पिन लावली की तो धोका संपतो.

चित्रपट फारसे बघत नाही. भजनं, नाट्यगीतं, थोडं वाद्यसंगीत. नवा रिसीव्हर घेतला तर गाणी चांगली वाजतील?
— वाचक, मंगळवार पेठ

तेवढ्यासाठी रिसीव्हर नको. सात चॅनल, चित्राची सर्किटं आणि परवाने यांचे पैसे तुम्ही वापरणारच नाही. चांगला दोन चॅनलचा ॲम्प्लिफायर घ्या आणि उरलेली रक्कम स्पीकरमध्ये घाला.

इचलकरंजीत एकजण २०२० चा ८के रिसीव्हर विकतोय. किंमत चांगली आहे. काय तपासू?
— वाचक, इचलकरंजी

त्या वर्षी आलेल्या एचडीएमआय २.१ च्या पहिल्या काही रिसीव्हरांत सदोष चिप होती. एक्सबॉक्स सिरीज एक्स मधून ४के १२० एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटांचं चित्र) पाठवलं की पडदा काळा व्हायचा. नंतर कंपन्यांनी कुणाला जोडायची डबी दिली, कुणाला बोर्ड बदलून दिला. विक्रेत्याला मॉडेलचा आणि सिरीयल नंबर विचारा, बोर्ड बदलल्याची पावती किंवा ती डबी सोबत आहे का ते पाहा. गेम खेळणारं घरात कुणी नसेल तर हा दोष तुमच्या आड येणार नाही, भाव पाडायला मात्र उपयोगी पडेल.

बघायला जाताना स्वतःची एचडीएमआय केबल, ४के स्टिक आणि एक छोटा स्पीकर न्या. प्रत्येक इनपुटमध्ये स्टिक लावून चित्र येतं का पाहा. तोच एक स्पीकर प्रत्येक चॅनलला फिरवून टेस्ट टोन वाजवा. अर्धा तास मोठ्या आवाजात चालवून वरच्या जाळीवर हात ठेवा: गरम चालेल, जळका वास चालणार नाही. मोजणीचा माइक सोबत आहे का विचारा, आणि तो त्याच मॉडेलचा हवा, दुसऱ्या कंपनीचा लावला तर मोजणी चुकते. माइक हरवला असेल तर नव्या माइकची किंमत वजा करूनच बोला.